कंद वाटण्याचा शिरस्ता

वैशाखाचे ऊन उतरणीला लागते, मृगाची चाहूल लागते, आणि वाशी-तुर्भ्यापासून थेट खारघर-पनवेलपर्यंतच्या नोडांमधून नालेसफाई, फांद्यांची छाटणी, गच्च्यांची डागडुजी अशा पावसाळापूर्व कामांची एकच धांदल उडते; त्याच धांदलीत गृहनिर्माण संस्थांच्या आवारांतून आणखी एक काम उरकले जाते, ज्याची नोंद कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात होत नाही. दाटलेले, पाने पिवळी पडलेले, जुनाट दिसणारे लिलीचे गड्डे कुदळीने उपसले जातात, पोत्यांत भरले जातात, आणि वाळल्या पाल्याबरोबर कचऱ्याच्या गाडीत चढतात. मोकळ्या झालेल्या वाफ्यात लाल माती पसरली जाते, रोपवाटिकेतून टेम्पोने आलेल्या काळ्या पिशव्यांतील नव्या रोपांची ओळ मांडली जाते, बिलावर सही होते, आणि दोन-तीन वर्षांनी हाच क्रम पुन्हा सुरू होतो.

या क्रमाला माझा स्पष्ट विरोध आहे. कंदवर्गीय झाड ही वारंवार विकत घेण्याची वस्तू नाही. योग्य वेळी काढले, विभागले, सावलीत जपले आणि पुन्हा लावले, तर ते लावणाऱ्याच्या हयातीत संपत नाही. आणि जो ते फेकून देतो, तो आपल्याच पैशाने ठेवलेली व व्याजासह वाढलेली ठेव स्वतःच्या हाताने उकिरड्यावर नेऊन टाकतो. नवी मुंबईतील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आणि प्रत्येक सार्वजनिक उद्यानाने कंदांच्या काढणीचा, विभागणीचा आणि वाटपाचा वार्षिक शिरस्ता घालून घ्यावा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

थंड प्रदेशांतील बागवानांनी या शिरस्त्याचे शास्त्र डॅफोडिलच्या निमित्ताने फार बारकाईने रचलेले आहे. फूल सुकले म्हणून पाने कापायची नाहीत, नीटनेटकेपणाच्या हौसेने त्यांना गाठही मारायची नाही, असा त्यांचा पहिला दंडक; कारण फुलानंतरच्या सुमारे सहा आठवड्यांत पानांनी सिद्ध केलेले अन्न कंदात उतरते, आणि पुढच्या वर्षीच्या फुलाचा अंकुर त्याच उन्हाळ्यात, वर काहीही दिसत नसताना, कंदाच्या पोटात घडत असतो. पाने पिवळी पडून आडवी झाली की जरा दुरून माती उचलून कंद सोडवायचे. सहज सुटतील तेवढीच पिल्ले वेगळी करायची. ज्या तळच्या चकतीतून मुळे फुटतात ती फाटू द्यायची नाही, कारण तेथूनच कुजीला वाट मिळते. मऊ पडलेले, बुरशीचा वास येणारे कंद निवडून काढावयाचे. उरलेले जाळीच्या पिशवीत अथवा उथळ पेटीत, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवून, शरदात कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पुन्हा लावावयाचे. काही वर्षांनी दाटी होऊन पाने उदंड आणि फुले मोजकी दिसू लागली, म्हणजे विभागणीची वेळ आली असे समजावयाचे. या साऱ्या कामाला हत्यारे थोडी लागतात, लक्ष मात्र पुष्कळ लागते.

ही शिस्त आपण अवश्य घ्यावी. ते फूल मात्र ज्याच्या त्याच्या मुलखात राहू द्यावे. डॅफोडिलच्या कंदाला दांडा वर काढण्यासाठी साधारणतः बारा ते सोळा आठवड्यांची, पाच ते नऊ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते. काश्मिरात ती लाभते, म्हणून तेथे डॅफोडिलच्याच जातकुळीचे नर्गिस वसंताच्या आरंभी आपसूक उमलते. ठाण्याच्या खाडीकाठी माघातली पहाटसुद्धा क्वचितच पंधरा अंशांखाली उतरते. आगाऊ शीतगृहात मुरवलेले कंद विकत घेऊन कुंडीत लावले, तर पहिल्या वर्षी फूल दिसेल. दुसऱ्या वर्षी बहुधा नुसती पाने येतील, आणि त्यानंतर तीही येणार नाहीत. नवी दिल्ली नगरपरिषद गेली काही वर्षे नेदरलँड्सहून ट्यूलिपचे कंद मागवून राजधानीतले चौक सजवते. जेथे हिवाळा खराखुरा कडक असतो, अशा शहरालाही जर थंड देशाच्या फुलासाठी परदेशाकडे हात पसरावा लागतो, तर बारमाही दमट हवेच्या आपल्या नगराने त्या हव्यासात पडणे सर्वथा अनुचित होय.

शिवाय त्या हव्यासाची गरजही नाही, कारण डॅफोडिलचे सगेसोयरे आपल्या दारात उभे आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला अमॅरिलिडेसी म्हणतात, त्या कुलाचा विस्तार मोठा आहे. रस्त्यांच्या दुभाजकांवर पांढऱ्या, लांबट पाकळ्यांची आणि मध्ये पातळ पडद्याची वाटी असलेली जी स्पायडर लिली आपण रोज पाहतो, ती याच कुलातली, उष्ण अमेरिकेतून आलेली. कोरड्या दिवसांनंतर एक दमदार सर पडली की गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या रंगांनी वाफा भरून टाकणारी पर्जन्यलिली याच कुलातली. चैत्र-वैशाखात गॅलऱ्यांमधून कर्ण्यासारखी लाल फुले मिरवणारी हिप्पिअ‍ॅस्ट्रम आणि मे महिन्यात फुलणारी, मूळची आफ्रिकेची फुटबॉल लिली, याही याच गोतावळ्यातल्या. क्रायनमच्या काही जाती तर अस्सल आपल्या मातीतल्या आहेत. त्यांपैकी क्रायनम ब्रॅकिनेमा नावाची जाती उत्तर सह्याद्रीबाहेर नैसर्गिकपणे आढळत नाही. इतकेच काय, आधुनिक वर्गीकरणाने कांदा आणि लसूण यांनाही याच कुलात आणून बसवलेले आहे. तेव्हा तुर्भ्याच्या घाऊक बाजारात रोज रात्री ट्रकांतून जो माल उतरतो, तोही डॅफोडिलचा भाऊबंदच आहे.

स्पायडर लिलीचा एक जुना गड्डा जमिनीतून काढून एकदा नीट न्याहाळावा, म्हणजे आपण काय फेकतो ते कळेल. वरून तो पानांचा एकच झुबका वाटतो. माती झटकली की तपकिरी, कागदासारख्या सालीत गुंडाळलेले, लांब मानेचे कितीतरी कंद एकमेकांना बिलगून बसलेले दिसतात. मधला कंद मोठा, त्याच्या कुशीला मध्यम, आणि अगदी कडेला लसणाच्या पाकळीएवढी पिल्ले. खाली मांसल, पांढरट मुळांचा जटाभार. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हलकेच दाबले की पिल्ले आपापल्या मुळांसह सुटून येतात. एखादे अडले तर धारदार सुरीने तळाची चकती तुटणार नाही अशा बेताने वेगळे करावे लागते, आणि त्या वेळी जखमेतून जो चिकट रस सुटतो तो बोटांना खाज आणतो, म्हणून हातमोजे असावेत. पाने वीतभर ठेवून छाटावीत, सडकी मुळे कापावीत, दोन-तीन दिवस सावलीत जखमा सुकू द्याव्यात, आणि मान मातीच्या पातळीला येईल अशा बेताने हातभर अंतरावर कंद लावावेत. या झाडाला विश्रांतीचा काळ असा नसल्यामुळे साठवणीची यातायातही नाही. मोठे कंद पुढच्याच पावसात फुलण्याचा संभव असतो. पिल्लांना एखाद-दोन वर्षे द्यावी लागतात. एका गड्ड्यातून आख्खी एक ओळ उभी राहते, आणि त्यासाठी एका सकाळच्या श्रमापलीकडे काही लागत नाही.

फुटबॉल लिलीची कथा निराळी आणि अधिक करुण आहे. पावसाळा सरल्यावर तिची पाने पिवळी पडतात, हिवाळ्यात कुंडी पार बोडकी दिसते, आणि घरातील कोणीतरी 'मेलेले झाड' म्हणून माती दुसऱ्या कुंडीत ओतून मोकळे होते. वास्तविक तो कंद मेलेला नसतो, निजलेला असतो. या काळात त्याचे पाणी तोडावे, कुंडी पाऊस-पाण्यापासून दूर आडोशाला ठेवावी, अथवा कंद काढून कोरड्या वाळूत किंवा भुशात जपावा. वळवाच्या सुमारास पहिले पाणी दिले की पानांच्या आधी लालभडक फुलांचा चेंडू वर येतो. निद्रा आणि मृत्यू यांतला हा भेद ज्या माळ्याला कळला त्याचे अर्धे शिक्षण झाले, आणि ज्या व्यवस्थापक समितीला कळला तिचा बराच खर्च वाचला.

हे शिक्षण घेण्यासाठी विलायतेचा दाखला हवाच असे नाही. कंद काढावा कसा, सुकवावा कसा आणि टिकवावा कसा, या विद्येत महाराष्ट्राचा शेतकरी कोणालाही हार जाणारा नव्हे. रब्बीच्या कांद्याच्या माना पडू लागल्या की तो काढणीला लागतो. उपटलेला कांदा पातीसकट शेतातच असा पसरतो की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जावा आणि उन्हाने भाजू नये. तीन-चार दिवसांनी पात कापताना दोन-अडीच सेंटिमीटर मान राखतो, कारण मान उघडी राहिली तर रोग आत शिरतो. नंतर दहा-बारा दिवस सावलीत सुकवून, डागी व जोडकांदे निवडून, मगच माल चाळीत भरतो. ती चाळ जमिनीपासून उंच असते, खालून आणि बाजूंनी वारा खेळता असतो, आणि थर माफक उंचीचाच ठेवलेला असतो; एवढ्या साध्या योजनेवर कांदा चार-पाच महिने तग धरतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने याच रीतींना शास्त्रशुद्ध मापे दिली. खाडीपलीकडच्या अलिबाग तालुक्यात पांढऱ्या कांद्याची पात कापून न टाकता तिची वेणी घालतात आणि त्या माळा हवेशीर जागी टांगून ठेवतात. ही तर साठवणीची इतकी सुबक तऱ्हा आहे की कोणत्याही उद्यानशास्त्राच्या पुस्तकाने ती सादर नोंदवावी.

हळदीची गोष्ट पाहा. सांगली-हिंगोलीकडे पाला वाळला की काढणी होते. जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगळी केली जातात. निरोगी, ठसठशीत गड्डे बेण्यासाठी राखून, सावलीत ढीग करून, हळदीच्याच पाल्याने झाकून ठेवले जातात, आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास पुन्हा जमिनीत जातात. निशिगंधाचीही तीच रीत. मेक्सिकोतून आलेले हे फूल आपल्याकडे इतके रुजले की ते परके आहे असे कोणास वाटत नाही. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने त्याची शृंगार आणि सुवासिनी ही वाणे दिली, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले रजनी दिले. एका जागी साधारण तीन वर्षे पीक घेतल्यावर दांडे आखूड होऊ लागतात. मग पाणी तोडून, कंद काढून, सावलीत अधूनमधून हलवत काही आठवडे सुकवतात, आणि दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे निवडक कंद चैत्र-वैशाखात नव्या जागी लावतात. आपल्या आवारांतल्या लिलींना आणि निशिगंधांना याहून वेगळे असे काहीच नको आहे.

मग ही विद्या शेताच्या बांधावरून शहराच्या वाफ्यात का उतरत नाही? त्याचे कारण माळ्याच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल, कारण ज्याने गावाकडे हळद वा कांदा काढलेला आहे अशा हातांना लिलीचा गड्डा सोडवणे शिकवावे लागत नाही. दोष आहे तो देखभालीचा मक्ता ज्या रीतीने लिहिला जातो त्यात. मजुरांची हजेरी मोजली जाते, नव्या रोपांचा दर ठरतो, खताच्या गोण्यांचा हिशेब राहतो. जपलेल्या कंदाला मात्र त्या दरपत्रकात रकानाच नसतो. जे वाचवल्याबद्दल काही मिळत नाही आणि जे नव्याने आणल्याबद्दल बिल निघते, ते वाचवण्याच्या फंदात कोण पडेल? तेव्हा सुधारणा करावयाची तर ती करारनाम्याच्या मजकुरात करावी लागेल.

माझ्या दृष्टीने ती तरतूद अगदी साधी आहे. प्रत्येक आवारातील कंदवर्गीय झाडांची एक नोंदवही असावी, तीत जात, जागा आणि शेवटच्या विभागणीचे वर्ष एवढेच लिहावे. दाटी झालेले वाफे चैत्र-वैशाखात विभागणे हे मक्तेदाराचे बंधनकारक काम असावे आणि त्याबद्दल त्याला रास्त मोबदला मिळावा. पाण्याच्या टाकीखालची अथवा जिन्याखालची एखादी कोरडी, हवेशीर जागा साठवणीसाठी नेमून द्यावी. नावाची चिठ्ठी लावलेल्या जाळीच्या पिशव्या आणि भाजीचे रिकामे क्रेट, याहून जास्त सरंजाम लागत नाही. आणि आपल्या वाफ्यांत लावून उरतील ते कंद अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंतच्या अवधीत रहिवाशांना, शेजारच्या संस्थांना, महापालिकेच्या शाळांना विनामूल्य वाटावेत. उद्यान विभागांनी नोडनोडांतील मोठ्या बागांमधून हेच वाटप जाहीर सूचना देऊन केले, तर त्याला लोटणारी गर्दी पाहून अधिकाऱ्यांनाही समाधान वाटेल.

यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. मजुरी महाग झाली आहे, रोप स्वस्त आहे, तेव्हा विभागणीपेक्षा खरेदी परवडते, असे सांगितले जाते. पण रोपाची किंमत ही पिशवीवरच्या आकड्याने ठरत नाही. जुना गड्डा खणण्याची मजुरी, कचऱ्याची वाहतूक, नवी माती आणि ते नवे रोप रुजेपर्यंतचे पाणी, हे सारे तीत मिळवावे लागते. खणायचे तर दोन्ही रीतींत आहेच. फरक एवढाच की एका रीतीत खणलेले पुन्हा मातीत जाते आणि दुसरीत गाडीत जाते. दुसरा आक्षेप पावसाचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, भरावाची जमीन पाणी धरून ठेवते, आणि कंद कुजतात, हे खरे आहे. पण ते तर विभागणीच्या बाजूचेच प्रमाण झाले, कारण दाटलेल्या, पाणी तुंबलेल्या गड्ड्यातच कूज झपाट्याने पसरते. उंच वाफा, वाळू मिसळलेली माती आणि मोकळे अंतर हाच तिच्यावरचा उपाय.

दोन गोष्टींत मात्र कडक शिस्त हवी. पहिली ही की, काढणीचा हा अधिकार बागेपुरताच आहे. खारघरच्या डोंगरावर, पारसिकच्या उतारावर किंवा कर्नाळ्याच्या रानात पहिल्या पावसाबरोबर जे रानकंद फुलतात, त्यांना हात लावू नये. हौशी माणसाच्या पिशवीतून आलेला रानकंद कुंडीत बहुधा जगत नाही, आणि डोंगरावरची त्याची जागा मात्र कायमची रिकामी होते. दुसरी ही की, स्पायडर लिली, क्रायनम, फुटबॉल लिली यांचे कंद विषारी आहेत आणि दिसण्यात कांद्याशी त्यांचे साधर्म्य आहे. म्हणून ते स्वयंपाकघराच्या आसपास कधीही साठवू नयेत, पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, आणि मुलांच्या हाती देताना ही गोष्ट आधी सांगावी.

या शहराच्या घडणीचा विचार केला, तर अशा वाटपाचे मोल मला आणखी मोठे वाटते. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० साली झाली, महापालिका १९९२ च्या १ जानेवारीपासून कारभार पाहू लागली, आणि या अवघ्या काही दशकांत आगरी-कोळ्यांच्या गावांच्या शेतांवर व मिठागरांवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे वसली. एकाच जिन्यावर राहणाऱ्यांची मायबोली निराळी, सण निराळे, गाव तर कित्येकांचे हजार मैलांवर. कोकणच्या जुन्या परसात हळदीचा गड्डा, अळवाचा कांदा, सुरणाचे पिल्लू शेजाऱ्याकडून मागून आणण्याची आणि पुढच्या सालात दुसऱ्याला देण्याची चाल होती. देणाऱ्याचे काही उणे होत नसे, आणि घेणाऱ्याच्या अंगणात शेजाऱ्याची आठवण फुलत राही. ज्या गावांच्या भूमीवर हे नगर उभे आहे त्यांची ही चाल नगराने उचलली, तर तो त्या भूमीचा यथोचित मान होईल.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे ती अशी. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरवावीच लागते. त्या सभेत गच्चीची गळती आणि वाहनतळाचे वाद यांच्या जोडीला एक ठराव अवश्य मांडा: आपल्या आवारातील एकही जिवंत कंद यापुढे कचऱ्यात जाणार नाही, तो दर तीन वर्षांनी विभागला जाईल, आणि उरेल तो मागेल त्याला दिला जाईल. ठराव मंजूर झाला की माळ्याला बोलावून नोंदवही त्याच्याच समोर उघडा, आणि पुढचा वैशाख येईपर्यंत कुदळीला त्या वाफ्यांपासून दूर ठेवा.